सनदी शाळेची सोडत

२०२४ च्या फेब्रुवारीतली एक संध्याकाळ. गाव सेंट पॉल, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची राजधानी. तिकडची माणसे ‘यंदा हिवाळा पडलाच नाही’ असे एकमेकांना सांगत होती. आणि मी मात्र कानांना मफलर, त्यावर जावयांची लोकरी टोपी अशा थाटात एका शाळेच्या सभागृहात शेवटच्या रांगेत कुडकुडत बसलो होतो. समोर टेबलावर काचेची मोठी बरणी, बरणीत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. सहावीच्या वर्गात जागा २२ आणि अर्ज १०७. माझ्या शेजारच्या सोमाली बाईंच्या हातात ६४ नंबरचा कागद होता. त्याची त्यांनी इतक्या वेळा घडी घातली नि उलगडली होती की आकडा पुसट झाला होता.

या बाईंची नि माझी ओळख ग्रंथालयातली. मुलगी-जावई कामावर गेले की दुपारी मी तिथे जाऊन बसे. बाई रात्रपाळीला एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करीत, आणि दुपारी शाळा सुटली की मुलाला घेऊन तिथे येत. कारण घरात पाहुणे फार नि जागा थोडी. एके दिवशी मी सहज त्या मुलाच्या वहीत डोकावलो. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज त्याने दोन पंचमांश केली होती! एकतीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला हे पाहून गप्प बसवेल कसे? चारच दिवसांत मी त्या घराचा ‘टीचर’ झालो. पोरगा पाचवीत, डोक्याने तल्लख. पण वर्षभरात त्याच्या वर्गावर तीन शिक्षक येऊन गेले होते.

‘मग शाळा बदला की!’ मी म्हणालो.

बाई हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला घरी मुलीने समजावून सांगितला. तो आधी वाचकांना सांगतो. चिठ्ठीचे काय झाले ते मागून.

अमेरिकेत सरकारी शाळा फुकट असते, हे आपण ऐकून असतो. पण मूल कुठल्या शाळेत जायचे हे बहुतेक ठिकाणी त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. शाळांना राज्याचा पैसा मिळतो आणि त्यात स्थानिक घरपट्टीची भर पडते. तेव्हा घरे महाग तिथे शाळा बरी; आणि शाळा बरी म्हणून घरे आणखी महाग. माझ्या मुलीने घर घेतले तेव्हा स्वयंपाकघर पाहण्याआधी शाळेचा निकाल पाहिला होता. ‘बाबा, आम्ही घर नाही घेतले, शाळा घेतली,’ असे ती म्हणते, आणि त्यात थट्टा फार थोडी आहे. मिनेसोटाने १९८० नंतरच्या दशकात दुसऱ्या विभागातल्या शाळेत अर्ज करण्याची मुभा दिली खरी. पण तिथे जागा हवी, आणि विभागाच्या हद्दीपर्यंत मुलाला पोचवायला गाडी हवी. रात्रपाळीहून आलेली बाई सकाळी सात वाजता कुठली गाडी काढणार?

म्हणजे शाळेची निवड करण्याचा हक्क अमेरिकेत होताच. फक्त तो घराच्या कर्जाबरोबर मिळत होता.

या पेचातून निघालेली वाट म्हणजे चार्टर शाळा. चार्टर म्हणजे आपली सनद; आणि हा शब्द मला फार आवडतो, कारण मराठी माणसाला सनद नि वतन यांतला फरक शिकवावा लागत नाही. सनदेला अटी असतात, मुदत असते. अटी मोडल्या की ती जाते. चार-दोन शिक्षकांनी वा एखाद्या संस्थेने सांगायचे : आम्ही अशी अशी शाळा चालवू, इतक्या वर्षांत मुलांना इथवर नेऊ. सरकार दर मुलामागे ठरलेला पैसा देते, नेमणुका, वेळापत्रक, पाठ्यपुस्तके यांत मोकळीक देते. बदल्यात शाळेने फी घ्यायची नाही, प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडायची नाहीत, धर्म शिकवायचा नाही, राज्याच्या परीक्षा द्यायच्या. अर्ज जास्त झाले तर चिठ्ठ्या. मिनेसोटात सनदेची मुदत पाचेक वर्षांची. मग पुन्हा हिशेब.

ही कल्पना शाळांच्या धंदेवाल्यांनी काढली असेल असा माझा समज होता. तसे नाही. रे बडी नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्राध्यापकांनी ती मांडली, आणि १९८८ साली तिला देशभर तोंड फोडले ते अल्बर्ट शँकर यांनी. हे गृहस्थ कोण? तर शिक्षकांच्या एका बलाढ्य संघटनेचे अध्यक्ष! शिक्षकांना वर्गात आपल्या बुद्धीने काही करून पाहता यावे, एवढा त्यांचा हेतू. पुढे या शाळांना आलेले रूप पाहून तेच तिचे टीकाकार झाले, हेही सांगितले पाहिजे. मिनेसोटाने १९९१ साली पहिला कायदा केला. तो विधिमंडळात लढवणाऱ्या एंबर राइकगॉट या डेमोक्रॅटिक पक्षाच्या, आणि त्यावर सही करणारे गव्हर्नर आर्नी कार्लसन रिपब्लिकन. त्या पहिल्या कायद्यात शाळेच्या मंडळावर शिक्षकांचेच बहुमत असावे अशी अट होती. १९९२ च्या सप्टेंबरात याच सेंट पॉलमध्ये ‘सिटी अकॅडमी’ ही पहिली शाळा उघडली, ती शाळा सोडून भटकणाऱ्या मूठभर मुलांसाठी. आज चाळीसहून अधिक राज्यांत अशा शाळा आहेत आणि त्यांत सुमारे ३७ लाख मुले शिकतात.

सरकारने पैसा द्यावा आणि संस्थेने शाळा चालवावी, यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. १८५४ च्या वूडच्या खलित्यापासून अनुदान आपल्या ओळखीचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि गावोगावची पोरे शिकली ती अशाच शाळांतून. मीही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत शिकवले नि तिथेच मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. पण आमच्याकडच्या अनुदानात एक मेख आहे, आणि तीच मला त्या सभागृहात बोचत होती. ती गोष्ट मी घरीही कधी धडपणे सांगितलेली नाही.

१९९६ सालचे असेल. बाजार समितीत हमाली करणारे एक गृहस्थ जुलैमध्ये माझ्याकडे आले. मुलगा आठवीत. चार मैलांवरच्या गावी नवी शाळा निघाली होती, तिथे गणिताला चांगला शिक्षक आला होता. त्यांना मुलाचा दाखला हवा होता. आता आमची अडचण अशी, की सप्टेंबरअखेरच्या पटावर तुकड्या नि शिक्षकांची पदे मंजूर होत. आठवीच्या दुसऱ्या तुकडीचा पट काठावर आला होता. आणखी दोन-तीन मुले गेली असती तर तुकडी तुटली असती, आणि सर्वांत धाकटा शिक्षक अतिरिक्त ठरला असता. त्याचे नुकतेच लग्न झालेले.

मी काय केले? नाही म्हटले नाही. ‘बुधवारी या,’ म्हटले. बुधवारी लिपिक रजेवर होता. पुढच्या खेपेला फीची काही बाकी निघाली. ती त्यांनी तिथल्या तिथे भरली. मग शिक्का सापडेना. चौथ्या खेपेला ते दारातच उभे राहिले, डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘सर, पोरगं माझं हाय, का साळंचं?’

मी दाखला दिला तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर दुसरीकडे सत्र अर्धे संपले होते, मुलगा आमच्याकडेच राहिला. तुकडी वाचली, शिक्षक वाचला. मुलगा दहावीला गणितात गेला. तिकडे गेला असता तर पास झाला असता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते पाहण्याची संधी मी त्याला दिली नाही, एवढे खरे. पुढे शिक्षणहक्काच्या कायद्याने असा दाखला तात्काळ देणे मुख्याध्यापकावर बंधनकारक केले, तेव्हा वर्तमानपत्रातली ती बातमी मी दोनदा वाचली.

म्हणून अमेरिकेत या शाळांना विरोध करणाऱ्यांची मी टर उडवणार नाही. मूल गेले की त्याच्यामागे पैसा जातो. पण प्रत्येक वर्गातून तीन-तीन मुले गेली म्हणून शिक्षक कमी होत नाही, की इमारत तापवायचा खर्च घटत नाही. मागे राहिलेल्या मुलांच्या वाट्याला ही ओढाताण येते. त्यासाठी त्या शाळेला चार वर्षे जादा मदत द्यावी, हे मला पटते. मुलालाच खुंटीला बांधून ठेवावे, हे आता पटत नाही. मी ते करून पाहिले आहे.

सगळ्या सनदी शाळा चांगल्या, असेही कुणी समजू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ या संशोधनकेंद्राने २००९ साली १६ राज्यांतल्या शाळा तपासल्या, तेव्हा गणितात १७ टक्के शाळा शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस आणि ३७ टक्के चक्क कमअस्सल निघाल्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चित्र पालटले : या शाळांतली मुले सरासरीने वाचनात १६ आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे. संगणकावरूनच चालणाऱ्या शाळांचा निकाल मात्र तेव्हाही वाईटच. सेंट पॉलमधल्याच एका शाळेने तर ठेवीचा पैसा सट्ट्याच्या गुंतवणुकीत घालून चाळीस लाखांहून अधिक डॉलर घालवले. कित्येक शाळा बंद पडल्या, आणि शाळा बंद पडते तेव्हा भुर्दंड मुलालाच. एकाच समाजाची मुले एका शाळेत गोळा होतात, ही तक्रारही मिनेसोटात खोटी नाही.

तरीही बॉस्टनचे संशोधन मला फार मोलाचे वाटते. हुशार, धडपड्या आईबापांची मुलेच अशा शाळेत जातात, मग निकाल चांगला लागणारच, हा नेहमीचा आक्षेप. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी, त्यांत २०२१ चे नोबेल मिळवणारे जोशुआ अँग्रिस्ट होते, एक साधी युक्ती केली. चिठ्ठी लागलेली मुले आणि न लागलेली मुले, एवढ्यांचीच तुलना केली. दोघांचेही आईबाप अर्ज करणारेच. फरक पडला तो निव्वळ दैवाने. बॉस्टन शहरात चिठ्ठी लागलेली मुले गणितात खूपच पुढे गेलेली आढळली. शहराबाहेरच्या सुखवस्तू वस्त्यांत मात्र असा फायदा दिसला नाही. जिथे मुळात पर्याय नव्हता तिथेच तो कामी आला! आणि गंमत पाहा, २०१६ साली याच राज्यात अशा शाळा वाढवाव्यात का असा कौल घेतला, तेव्हा सुमारे ६२ टक्के लोकांनी नको म्हटले. ज्यांची शाळा घराबरोबरच विकत घेऊन झाली होती, त्यांना त्या बरणीशी काय कर्तव्य?

आपल्याकडेही २५ टक्के राखीव जागांची सोडत निघते. योगायोग असा, की मी त्या सभागृहात बसलो होतो त्याच फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असली, तर खाजगी शाळेला त्या जागा देण्याचे बंधन नाही. पुन्हा पत्ताच आडवा आला! जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

असो. बरणीकडे येतो. आधी भावंडांच्या जागा वजा झाल्या, मग चिठ्ठ्या निघू लागल्या. नंबर पुकारला की कुठे टाळी, कुठे रडू. जागा संपल्या तरी चिठ्ठ्या काढणे चालूच होते, ती प्रतीक्षायादी. ६४ नंबर निघाला तो यादीत एकोणिसावा. बाईंनी मला विचारले, ‘टीचर, एकोणीस चांगला का?’ मी मुलाकडे पाहिले. तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

मेमध्ये मी परतलो. ऑगस्टअखेर मुलीचा फोन आला : त्याचा नंबर सातवर आला आहे, शाळा उघडायला आठवडा आहे. आणि बाईंनी विचारले आहे, टीचर पुन्हा कधी येणार; अपूर्णांक झाले, दशांश राहिलेत.