कार्डियाक ॲनेस्थेशिया फेलोशिप: नावाआधी प्रोब कुणाच्या हातात ते विचारा

अमेरिकेत ॲनेस्थेशियाची रेसिडेन्सी संपली की हृदयशस्त्रक्रियेच्या भुलीसाठी एक वर्षाची फेलोशिप करता येते. अर्ज एसएफ मॅच या पसंतीक्रमाने जागा जुळवणाऱ्या यंत्रणेतून जातात, आणि पुष्कळ जण रुग्णालयाचं नाव पाहूनच पसंतीची यादी लावतात. माझ्या मते इथेच चुकतं. या वर्षाचा कणा म्हणजे टीईई, अन्ननलिकेत प्रोब घालून केलेली हृदयाची सोनोग्राफी. झडप दुरुस्त केल्यावर गळती उरली का, बायपास मशीनवरून रुग्ण उतरवताना हृदयाची उजवी बाजू थकली आहे का, हे पडद्यावर वाचून सर्जनला तिथल्या तिथे सांगावं लागतं. टीईईच्या प्रगत प्रमाणपत्रासाठी फेलोच्या खात्यावर 300 तपासण्या लागतात, त्यांतल्या 150 स्वतः केलेल्या. म्हणून मुलाखतीत थेट विचारा: प्रोब कोण धरतं, अहवाल कोण लिहितं, तो तपासून चुका कोण दाखवतं?

कुणी म्हणेल, नोकरी नावावरच मिळते. नावाचा उपयोग होतो, हे मान्य. पण 2023 पासून अमेरिकन ॲनेस्थेशिया बोर्डाची या शाखेची स्वतंत्र परीक्षा आहे, आणि ती लहानमोठ्या सगळ्या केंद्रांच्या फेलोंना एकच. दुसरी शंका अशी, की अवघड केंद्र वर टाकलं आणि हुकलं तर खालची जागाही जाईल. तसं होत नाही. वर जमलं नाही, तर खालच्या पसंतीचा विचार तेवढ्याच हक्काने होतो. तेव्हा अंदाज बांधत बसू नका. जिथे तुमचा हात जास्तीत जास्त चालेल, ते केंद्र पहिलं टाका.