नदी संगणकात वाहते तेव्हा घड्याळ कोणाचे?

खडकवासला धरणातून सोडलेले पाणी मुठेतून आणि पुढे मुळा-मुठेतून वाहत जाऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. या भागात भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका आहे आणि दुसऱ्या काठाला दौंड. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की दोन्ही काठांवरच्या शेतकऱ्यांना एकच प्रश्न पडतो: पाणी आपल्या बांधापाशी किती वाजता येणार? नदीवर बसवलेल्या विजेच्या मोटारी वर काढायच्या, गुरे हलवायची, तर दोन तासांचा फरकसुद्धा थोडाथोडका नव्हे.

अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आज संगणकात नदीचे प्रतिरूप तयार करतात. ही आज्ञावली, म्हणजे सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर, सुरू करण्यापूर्वी तिला काही आकडे पुरवावे लागतात. त्यांतले काही वेळेविषयीचे असतात, काही पडद्यावरच्या चित्राविषयीचे. नवखा माणूस चित्राचे आकडे आधी हाती घेतो, कारण त्यांचा परिणाम लगेच दिसतो. नदी खरी ठरते की खोटी, हे मात्र वेळेच्या आकड्यावर अवलंबून असते.

संगणकाला 'वाहणे' ठाऊक नाही. तो नदीचे तुकडे करतो आणि वेळेच्या पायऱ्या पाडतो. समजा, आपण संगमाच्या खालच्या नदीचे एकेक किलोमीटरचे तुकडे केले आणि पूर सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे सरकतो असे धरले. संगमापाशी पातळी १०० सेंटिमीटरने वाढली असून ती तशीच टिकून आहे. खालच्या तुकड्यांत वाढ अजून शून्य आहे. नियम सोपा ठेवू: प्रत्येक पायरीला तुकडा आपल्या वरच्या शेजाऱ्याकडे पाहतो आणि दोघांच्या पातळीतल्या फरकाचा एक हिस्सा स्वतःत मिळवतो. एका पायरीत पाणी तुकड्याचा जेवढा भाग ओलांडते, तेवढा हा हिस्सा.

पायरी ५ मिनिटांची घेतली तर पाणी ६०० मीटर जाते. हिस्सा झाला ०.६. पहिल्या तुकड्यातली वाढ क्रमाने ६०, ८४, ९३.६ अशी होते. दुसऱ्या तुकड्यात ०, ३६, ६४.८. पूर हळूहळू चढतो आहे आणि १०० च्या वर कोठेही जात नाही. हे पटण्यासारखे आहे.

आता काम लवकर उरकावे म्हणून पायरी १५ मिनिटांची करू. पाणी एका पायरीत १,८०० मीटर जाते, हिस्सा १.८. पहिला तुकडा: १८०, ३६, १५१.२. दुसरा तुकडा: ०, ३२४, आणि तिसऱ्या पायरीला उणे १९४.४! संगमापाशी एक मीटर वाढ असताना खाली सव्वातीन मीटर पाणी कोठून आले? आणि पुढच्याच पायरीला ते नेहमीच्या पातळीच्याही दोन मीटर खाली कसे गेले? गणित करताना कोठेही चूक झालेली नाही; वही घेऊन पडताळून पाहा. बिघाड एवढाच, की एका पायरीत पाणी आख्खा तुकडा ओलांडून पलीकडे गेले आणि आपला नियम मात्र फक्त लगतच्या शेजाऱ्यालाच विचारत राहिला. कूरंट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ साली ही अट मांडली. त्या वेळी आजच्यासारखे संगणकच नव्हते, ही गंमत.

खऱ्या नदीच्या गणितात ही अट आणखी कडक होते. पाणी ५ मीटर खोल असेल तर त्यावरची लांब लाट सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगाने धावते. त्यात प्रवाहाचे २ मिळवले की ९. म्हणजे एक किलोमीटरचा तुकडा १११ सेकंदांत पार होतो आणि पायरी दोन मिनिटांहूनही लहान ठेवावी लागते. काही पद्धती मोठी पायरी सोसतात, पण पूर पोहोचण्याची वेळ त्यांतही बिघडू शकते. मग पायरी एका सेकंदाचीच का घेऊ नये? कारण काम वाढते. तुकडे निम्मे केले की त्यांची संख्या दुप्पट होते, पायरीही निम्मी करावी लागते आणि एकूण गणित चौपट होते.

नदीचे काचेवर किंवा कागदावर नव्हे, तर सिमेंट-वाळूचे प्रतिरूप केले तरी घड्याळ सुटत नाही. १९१६ साली स्थापन झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यालाच आहे आणि तेथे अशी प्रतिरूपे बांधून अभ्यास होतो. लांबी, रुंदी, उंची सारे शंभरपट लहान केले, तर १०० चे वर्गमूळ १०. म्हणून नदीतला एक तास प्रतिरूपात ६ मिनिटांत संपतो. तेथे घड्याळ निसर्गच लावतो. संगणकात ते आपल्याला लावावे लागते.

आता चित्राकडे वळू. बारा तासांचा पूर २४ सेकंदांत पाहायचा आहे आणि पडद्यावर सेकंदाला २५ चित्रे येतात. एकूण चित्रे ६००, म्हणजे प्रत्येक चित्र नदीच्या ७२ सेकंदांचे. गणिताची पायरी जर ३०० सेकंदांची असेल, तर नवे उत्तर सुमारे चार चित्रांनंतर एकदा येते. मधली चित्रे संगणक अंदाजाने भरतो. चित्र गुळगुळीत हलले म्हणजे गणित सूक्ष्म झाले, असे मुळीच नाही.

'एका चित्रामागे एक पायरी' अशी सांगड घालणे हा तर मोठाच घोटाळा. मग संगणक जलद असला की नदीही जलद! जुने कित्येक संगणकीय खेळ असेच लिहिलेले होते. नव्या यंत्रावर ते इतके सुसाट पळत, की १९८० नंतरच्या अनेक संगणकांना वेग कमी करण्यासाठी बटण असे. त्याचे नाव मात्र 'टर्बो'! म्हणून गणिताची पायरी ठरावीक ठेवावी आणि चित्राने तिच्या घड्याळात डोकावून घ्यावे.

रंगांचेही एक पथ्य आहे. 'रंग आपोआप जुळवा' अशी सोय चालू राहिली, तर आज गडद निळा म्हणजे एक मीटर आणि उद्या पाच मीटर असे होऊ शकते. रंगांची मोजपट्टी आधीच पक्की करावी. दौंडच्या पुलाशी किती पाणी, हे मग दोन चित्रे शेजारी ठेवूनही कळते.

शेवटी, पायरी बरोबर आहे का हे कसे ओळखायचे? ती निम्मी करून सारे गणित पुन्हा करायचे. पुराची वेळ फारशी हलली नाही तर ठीक. तासाभराने हलली तर पायरी अजून लहान हवी. आणि हिस्सा नेमका १ घेतला, म्हणजे पायरी ५०० सेकंदांची ठेवली, तर वरच्या उदाहरणात पूर कसा पुढे सरकतो? चार तुकडे आणि चार पायऱ्या वहीत मांडून पाहा.