हाडांच्या हवाली केलेली रायफल

खडकवासल्याच्या एका पालकांनी पृच्छा केली आहे की, त्यांची कन्या नेमबाजी शिकू लागल्यापासून प्रशिक्षकांनी गोळी झाडावयास देण्याऐवजी रिकामी रायफल हाती देऊन तिला नुसते उभे करण्याचा, गुडघ्यावर बसविण्याचा आणि पालथे निजविण्याचाच क्रम चालविला आहे, तो शिक्षणाचा भाग समजावा की कालापव्यय? ज्या गावाशेजारी १९५५ सालापासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शस्त्रविद्येचे धडे घेत आले आहेत, तेथे बंदूक म्हणजे झाडण्याची वस्तू अशी समजूत असणे स्वाभाविक आहे. परंतु क्रीडेतील नेमबाजीचे माप अगदी निराळे आहे.

पन्नास मीटर अंतरावरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची, आणि तिची कड वर्तुळाला शिवली तरी दहा गुण मिळत असल्यामुळे मध्यापासून आठ मिलिमीटरची सूट मिळते. रायफलीवरील पुढच्या व मागच्या साइटमध्ये ऐंशी सेंटिमीटर अंतर धरले, तर पुढची साइट सुमारे ०.१३ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीहून किंचित अधिक, ढळताच ही सारी सूट संपते. आणि स्नायू तर कधीच पूर्णतः निश्चल नसतो. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा सूक्ष्म कंप पावत असतो.

या अडचणीचा उलगडा ज्याच्या ग्रंथात सापडतो, त्या जिओव्हानी आल्फोन्सो बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाचे नाव आपल्या शालेय पुस्तकांत आढळत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. गुरूच्या उपग्रहांच्या गतीची मीमांसा करणाऱ्या या पुरुषाने तीच गणिती दृष्टी प्राण्यांच्या देहाकडे वळविली. माणसाला फळीवर निजवून ती फळी धारेवर तोलली आणि देहाचा गुरुत्वमध्य शोधला. राज्यत्याग करून रोमला राहिलेल्या स्वीडनच्या राणी क्रिस्टिनाच्या आश्रयाने सिद्ध झालेला ‘दे मोतू अनिमालियम’ हा त्याचा ग्रंथ, १६७९ मध्ये त्याचे निधन झाल्यावर, पुढील वर्षी प्रसिद्ध होऊ लागला. अल्प बळाने मोठे ओझे पेलण्याची किमया निसर्गाने स्नायूंना दिली आहे, हा तत्कालीन समज त्याने पार उलटा केला. दंडाचा स्नायू कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला आणि ओझे मात्र तळहातावर, तेव्हा त्या स्नायूला ओझ्याच्या सातआठ पट ओढ लावावी लागते! नियमांनी एअर रायफलीला साडेपाच किलोपर्यंत वजनाची मुभा दिली आहे. ते वजन बाहूच्या बळावर पेलू पाहणाऱ्या मुलीचा हात थरथरला, तर त्यात तिचा कसूर कोणता?

डोक्यावर भरला हंडा घेऊन चढण चढणारी बाई मान आणि कणा एका ओळंब्यात ठेवते, म्हणून ते ओझे तिची हाडे वाहतात आणि स्नायूंकडे केवळ तोल राखण्याची कामगिरी उरते. नेमबाजीतील तिन्ही आसनांचे मर्म हेच आहे. उभे राहताना उजव्या हाताने नेम धरणारा नेमबाज डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून धड किंचित मागे झुकवितो, म्हणजे रायफल व देह यांचा संयुक्त गुरुत्वमध्य दोन पावलांच्या मध्ये येतो. गुडघ्यावर बसताना कोपराचे टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवीत नाहीत, कारण दोन गोल हाडे परस्परांवरून घसरतात. ते थोडे पुढे वा मागे टेकवितात. पालथे पडताना रायफलीपासून दंडापर्यंत बांधलेला पट्टा भार घेतो, मात्र दंडावर तो चुकीच्या जागी आवळला तर नाडीचा प्रत्येक ठोका नळीपर्यंत पोहोचतो. शेवटी डोळे मिटून दोनचार श्वास घ्यावयाचे. उघडल्यावर नेम बाजूला गेलेला दिसला, तर हाताने रायफल ढकलावयाची नाही, पाऊल किंवा धड सरकवावयाचे. हे सारे रिकाम्या रायफलीवरच शिकता येते, कारण गोळीचा धक्का आणि गुणांची हाव मध्ये आली की चूक कोठे झाली हे कळेनासे होते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच तीन आसनांच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने त्याच्या शांत स्वभावाने आणि रेल्वेतील तिकीट तपासनिसाच्या नोकरीमुळे क्रिकेटपटू धोनीशी असलेल्या साम्याने भरून गेले. गुडघ्यावरील फेरीनंतर तो सहावा होता, पालथ्या फेरीनंतर पाचवा, आणि सर्वांत अस्थिर अशा उभ्या आसनात त्याने तिसरे स्थान गाठले. ते आसन २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाल्यापासूनच्या वर्षांत घडत आले, आणि ज्या दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने ही मजल मारली, त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात उतरल्या होत्या. याविषयी मात्र फारच थोडे लिहिले गेले. मनोनिग्रहाच्या शिबिरांची जाहिरात करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, हृदयाची गती व हाताचा कंप कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधे या खेळात निषिद्ध आहेत. कंप हा शरीरधर्म आहे, आणि ‘हलू नकोस, मन एकाग्र कर’ या हुकुमाने तो मुलाच्या अंगी अधिकच वाढतो.

तेव्हा पालकांनी प्रशिक्षकांना गोळ्यांचा हिशेब विचारू नये. विचारावयाचेच झाले, तर वाढत्या वयात मुलीचे हात-पाय लांबत असता रायफलीच्या दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची आणि पट्ट्याची खूण किती दिवसांनी पुन्हा मापली जाते, आणि एकाच बाजूला झुकून उभे राहिल्यामुळे कण्यावर येणाऱ्या ताणाची भरपाई करणारा व्यायाम तिच्याकडून करवून घेतला जातो की नाही, हे जरूर विचारावे.