नापास ठरलेली विजोड जोडी : 'हॅरॉल्ड अँड मॉड' आणि समीक्षक

बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, जिथे असाल तिथे निवांत बसा. आजचा विषय जरा विचित्र आहे.

विनोदी चित्रपटातल्या विजोड जोडीचा एक ठरलेला साचा असतो. एक जाडा, एक बारीक. एक टापटीप, एक गबाळा. एक पोलीस, एक चोर. दोघांना एका खोलीत नाहीतर एका गाडीत कोंबायचं. आधी भांडणं, शेवटी गळाभेट. प्रेक्षकाला साचा ठाऊक, समीक्षकालाही ठाऊक. पण एखादी जोडी या साच्यात बसलीच नाही तर? आज त्याच उदाहरणाबद्दल बोलू. चित्रपट आहे 'हॅरॉल्ड अँड मॉड', अमेरिकेतला, १९७१ सालचा. बोलताना शेवट सांगावा लागणार आहे, तेव्हा ज्यांना आधी पाहायचा असेल त्यांनी पाहून मग या.

गोष्ट थोडक्यात. हॅरॉल्ड हा विशीतला, अतिश्रीमंत घरचा मुलगा. त्याचा छंद म्हणजे आत्महत्येची नाटकं करणं. पहिल्याच प्रसंगात तो दिवाणखान्यात गळफास लावून लटकतो, आई आत येते, त्याच्याकडे एक नजर टाकते आणि फोनवर बोलायला लागते. दुसरा छंद अनोळखी माणसांच्या अंत्यविधींना जाण्याचा. तिथेच त्याला मॉड भेटते. तिलाही हाच छंद, आणि तिचं वय ८० ला टेकलेलं. ती जुन्या रेल्वेच्या डब्यात राहते, दिसेल ती गाडी पळवते, शहरातल्या फूटपाथवर गुदमरणारं झाड उपटून जंगलात नेऊन लावते. दोघांची मैत्री होते, मैत्रीचं प्रेम होतं. हॅरॉल्ड लग्न करायचं म्हणतो. जरठ-कुमारी विवाह आपल्याला माहीत आहे. देवलांनी १८९९ सालीच 'संगीत शारदा' लिहून समाजाला त्यावरून खडसावलं होतं. इथे मात्र गणित उलटं, आणि कुणावर बळजबरीही नाही.

पटकथा कॉलिन हिगिन्स या विद्यार्थ्याची. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चित्रपटाचं शिक्षण घेताना त्यानं ती लिहिली. त्या काळात तो एका निर्मात्याच्या घरी पोहण्याचा तलाव साफ करायचा, आणि त्या घरातूनच पटकथा पॅरामाउंट कंपनीपर्यंत पोचली. दिग्दर्शक हॅल ॲशबी हा मुळात संकलक, त्या कामासाठी ऑस्कर मिळालेला. मॉड झाली रूथ गॉर्डन, हॅरॉल्ड झाला बड कॉर्ट, आणि गाणी कॅट स्टीव्हन्सची.

चित्रपट लागला २० डिसेंबर १९७१ ला. तारीख लक्षात ठेवा. चारच दिवस आधी, १६ डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली होती. मी तेव्हा शाळकरी पोर. वडील फौजेत, आघाडीवर. छावणीतल्या आम्हा सगळ्या घरांचे कान रेडिओला लागलेले. अमेरिकेचंही स्वतःचं युद्ध व्हिएतनाममध्ये चालूच होतं. तिथल्या हॅरॉल्डच्या वयाच्या मुलांना सक्तीनं भरती करून पाठवत होते. पण हा चित्रपट प्रदर्शित झाला तो नाताळचा करमणुकीचा माल म्हणून.

समीक्षकांनी तो सोलून काढला. 'व्हरायटी' या धंद्याच्या वृत्तपत्राचा शेरा आजही सांगितला जातो. त्याचा आशय असा की यात जळत्या अनाथाश्रमाइतकीच मजा आहे. शिकागोचे रॉजर इबर्ट यांनी चारपैकी दीड तारा दिला. मृत्यूवर विनोद होऊ शकतो, पण तो असा नव्हे, हा त्यांचा मुद्दा. सगळी पात्रं मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयातून उचलून आणल्यासारखी दिसतात, अशीही त्यांची तक्रार होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे व्हिन्सेंट कॅनबी यांना दोन्ही नट इतके अंगावर येणारे वाटले की ही दोघं एकमेकांनाच शोभतात, असा टोला त्यांनी हाणला. सगळेच विरोधात होते असं नाही. गॉर्डन आणि कॉर्ट या दोघांनाही गोल्डन ग्लोबची नामांकनं मिळाली. पण धंद्याच्या दृष्टीनं चित्रपट आपटला.

त्या काळात आपटणं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. घरी व्हिडिओ नव्हता. चित्रपट आठवड्या-दोन आठवड्यांत उतरला की संपला. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या परीक्षणाला फार वजन होतं. समीक्षकाचा शेरा म्हणजे जवळजवळ निकालच.

या चित्रपटाला वाचवलं ते छोट्या थिएटरांनी. विद्यापीठांच्या गावांत जुने चित्रपट पुन्हा लावणारी थिएटरं असत. तिथे रात्रीचे खेळ लागले. मुलं एकदा पाहून गेली आणि मित्रांना घेऊन परत आली. मिनियापोलिस शहराला लागून असलेल्या इडायना गावात वेस्टगेट नावाचं थिएटर होतं. तिथे हा चित्रपट १९७२ पासून दोन वर्षांहून जास्त चालला. इतका, की शेजारपाजारचे लोक फलक घेऊन थिएटरसमोर उभे राहिले. मागणी काय? कृपा करून आता दुसरा चित्रपट लावा! तिकडे पॅरिसमध्ये याच गोष्टीचं नाटक झालं. मॉडच्या भूमिकेत माडलेन रेनो ही फ्रेंच रंगभूमीची मोठी अभिनेत्री, आणि तेही गाजलं.

साधारण १२ लाख डॉलरमध्ये झालेला हा चित्रपट नफ्यात यायला १९८३ उजाडलं. म्हणजे १२ वर्षं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्याला राष्ट्रीय चित्रपट सूचीत घेतलं. या सूचीत वर्षाला जास्तीत जास्त २५ चित्रपट जातात. २००० मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं सर्वोत्तम १०० विनोदी चित्रपटांची यादी काढली, त्यात हा ४५ वा.

अशी गोष्ट सांगितली की लोक लगेच म्हणतात, बघा, समीक्षक कसे मूर्ख असतात. मला ते पटत नाही. इबर्ट, कॅनबी ही कसलेली माणसं. त्यांनी नोंदवलेलं सगळं चित्रपटात आहे. पात्रं पुतळ्यासारखी आहेत. हॅरॉल्डची आई, मानसोपचारतज्ज्ञ, पाद्री ही अर्कचित्रं आहेत आणि काही ठिकाणी विनोद ताणलेला आहे. आजही मला तो दोषरहित वाटत नाही. मग चुकलं कुठे? माझ्या मते ते विजोडपणा मोजायला चुकले. जोडी विजोड कशामुळे? वयामुळे, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. मग ६० वर्षांचं अंतर हाच विनोद आहे असं धरून तो हसायला जातो, आणि हसू येत नाही म्हणून चिडतो.

खरं अंतर एका शॉटमध्ये आहे. दोघं संध्याकाळी पाण्याकाठी बसलेली असतात. हॅरॉल्ड तिचा हात हातात घेतो. क्षणभर तिच्या हातावर गोंदलेला एक क्रमांक दिसतो. नाझींच्या छळछावणीत कैद्यांच्या हातावर गोंदायचे तसला. कुणी काही बोलत नाही, त्यावर संवाद नाही, संगीत नाही. पापणी लवली तर गेला. पण तो क्रमांक पाहिला की सगळी गोष्ट उलटून दिसते. एक जण मरणाची नाटकं करतो आहे, कारण त्यानं मरण पाहिलेलं नाही. दुसरीनं ते डोंगराएवढं पाहिलं आहे, म्हणून ती झाडं वाचवत फिरते आहे. विजोड आहेत ते यामुळे. आणि शेवटी ८० व्या वाढदिवशी मॉड ठरवून आपलं आयुष्य संपवते, तेव्हा नाटकं करणारा हा मुलगा पहिल्यांदा खरा हंबरडा फोडतो. तिचा निर्णय बरोबर असं मी म्हणणार नाही, चित्रपटानंही तो सोपा करून दाखवलेला नाही. पण हॅरॉल्ड जगतो. मॉडनं दिलेला बँजो वाजवत तो टेकडीवरून निघून जातो.

आता एक सांगा, हे पहिल्या खेपेला कुणाच्या ध्यानात येईल? समीक्षक एकदा पाहतो आणि त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी लिहितो. कॉलेजची मुलं पाचव्यांदा पाहत होती. त्यांना समीक्षकापेक्षा अक्कल जास्त होती असं नाही, त्यांच्याकडे वेळ जास्त होता.

हे मी इतक्या अधिकारानं सांगतो आहे, कारण मी स्वतः तीच चूक केली आहे. तीही जास्त महागात पडणारी.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी मेजर, एका स्वतंत्र तुकडीचा ओसी, पोस्टिंग नागालँडमध्ये. मेसमध्ये एक व्हीसीआर. एक तरुण कॅप्टन सुट्टीवरून येताना या चित्रपटाची कॅसेट घेऊन आला. अबोल मुलगा, कामाला चोख. शनिवारी रात्री आम्ही पाच-सहा जण पाहायला बसलो. चित्रपटात हॅरॉल्डचे एक काका आहेत, व्हिक्टर नावाचे सैनिकी अधिकारी. आई म्हणते, हे जनरल मॅकआर्थरचे उजवे हात होते. आणि काकांना उजवा हातच नाही! रिकाम्या बाहीत यंत्र बसवलेलं, दोरी ओढली की बाही सॅल्यूट ठोकते. दोघं-तिघं खो खो हसले. माझं डोकं सणकलं. हात गमावलेले जवान मी इस्पितळात पाहिले होते. मी उठून टीव्ही बंद केला. कुणी काही बोललं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. त्या वर्षी त्या कॅप्टनचा वार्षिक गोपनीय अहवाल, आमच्या भाषेत एसीआर, मलाच लिहायचा होता. कामाला चांगले गुण दिले. पण प्रगल्भतेचा एक गुण कापला आणि एक ओळ लिहिली : विनोदाची जाण आहे, पण ती सैनिकी वातावरणाला साजेशी नाही. तो शॉर्ट सर्व्हिसवाला होता. मुदत संपल्यावर कायम कमिशन मिळालं नाही, तो बाहेर पडला. माझ्या त्या एका ओळीमुळेच असं झालं, असा दावा मी करणार नाही. निवडीत बरंच काही पाहिलं जातं. पण ती ओळ त्या फाइलमध्ये होती, आणि माझ्या सहीनं होती.

निवृत्तीनंतर मुलीकडे बंगळुरूला असताना तिनं हा चित्रपट लावला, तेव्हा मी तो शेवटपर्यंत पाहिला. व्हिक्टर काकांच्या प्रसंगानंतर थोड्याच वेळात एक जागा आहे. हॅरॉल्ड डेझीच्या फुलांच्या ताटव्याकडे पाहून म्हणतो, मला यातलं एक फूल व्हायला आवडेल, कारण सगळी सारखी असतात. मॉड म्हणते, नीट बघ, एकही सारखं नाही. माणसं आपलं वेगळेपण असूनही स्वतःला सारखं मोजू देतात, आणि जगातलं पुष्कळ दुःख तिथून येतं. लगेच पडद्यावर त्या पांढऱ्या फुलांच्या जागी सैनिकांची दफनभूमी येते. एकसारख्या पांढऱ्या शिळा, रांगेमागून रांग, दोघं त्यांच्यामध्ये ठिपक्याएवढी.

मी कोहिमाच्या युद्ध दफनभूमीत कितीतरी वेळा उभा राहिलो आहे. लांबून सगळ्या शिळा सारख्या दिसतात. जवळ जाऊन वाकलं की नाव, वय, पलटण. तो शॉट सैनिकाची टिंगल करणाऱ्याचा नाही. पुढे मला कळलं की हिगिन्सनं स्वतः अमेरिकन फौजेत नोकरी केली होती, जर्मनीत, 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या सैनिकी वृत्तपत्रात. टिंगल आहे ती यंत्रानं सॅल्यूट ठोकणाऱ्या रिकाम्या बाहीची. मी टीव्ही बंद केला नसता तर ते मला त्याच रात्री कळलं असतं, कदाचित.

समीक्षकाला एक सोय असते. वाटलं तर तो पुन्हा लिहू शकतो, आणि चित्रपट तोच राहतो, वाट बघत. माणसाच्या अहवालाचं तसं नाही. तो एकदा वर गेला की ओसीला परत मागता येत नाही.

तेव्हा तुमच्यापैकी जे शिक्षक असाल, साहेब असाल, मुलाखती घेणारे असाल, त्यांना एवढंच सांगेन. शेरा लिहा, तो लिहावाच लागतो. पण ज्यानं तुम्हाला चिडवलं त्याच्याबद्दल त्याच आठवड्यात लिहू नका. आणि लिहिण्याआधी स्वतःला विचारा, मी हे शेवटपर्यंत पाहिलं का?

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.