पोलिसांचा गणवेश : लंडन शहरातील एक धडा

प्राथमिक शाळेत टपालवाला, परिचारिका, पोलीस इत्यादी समाजसेवकांची ओळख करून देण्याचा प्रघात आहे. ‘पोलीस गणवेश कशासाठी घालतो?’ असा प्रश्न वर्गात विचारला असता ‘लोकांना धाक वाटावा म्हणून’ हे उत्तर बहुधा पहिल्याने येते. हे उत्तर सर्वस्वी चूक नसले तरी अपुरे आहे. गणवेशाच्या इतिहासाकडे पाहिले, तर तो जितका लोकांना वचक बसविण्यासाठी, तितकाच पोलिसावर लोकांची नजर राहावी यासाठी निर्माण झाला, असे दिसून येते. या दृष्टीने लंडन शहराचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे.

गणवेशापूर्वीची स्थिती

अठराव्या शतकात लंडनमध्ये शहराचे एकसंध पोलीस दल नव्हते. निरनिराळ्या वस्त्या आपापले रात्रीचे पहारेकरी नेमीत. १७४९ च्या सुमारास हेन्री फील्डिंग या न्यायाधीशाने बो स्ट्रीट येथे चोरांचा माग काढणारी एक लहानशी तुकडी उभारली. परंतु तिला गणवेश नव्हता. १८०५ साली त्याच कचेरीच्या घोडेस्वार गस्तीला निळा डगला व आत तांबडे जाकीट मिळाले. त्यावरून लोकांनी तिला तांबड्या छातीच्या रॉबिन पक्ष्याचे नाव दिले.

शहर झपाट्याने वाढत होते व मोठा दंगा झाल्यास लष्कर बोलावण्यावाचून गत्यंतर नसे. १८१९ साली मँचेस्टर येथे शांतपणे जमलेल्या सभेवर घोडदळ घालण्यात आले आणि अनेक स्त्रीपुरुष मृत्युमुखी पडले. नागरिकांचा बंदोबस्त सैनिकांच्या तलवारीने करणे किती घातक आहे, हे या घटनेने स्पष्ट केले. तथापि कायमचे पोलीस दल म्हणजे सरकारचे हेर, अशीही भीती जनतेच्या मनात होती.

निळ्या रंगाची निवड

गृहमंत्री सर रॉबर्ट पील यांनी १८२९ साली लंडनच्या पोलीस दलाचा कायदा संमत करून घेतला. वॉटर्लूच्या लढाईत लढलेले चार्ल्स रोवन व कायदेपंडित रिचर्ड मेन हे पहिले दोन आयुक्त झाले. २९ सप्टेंबर १८२९ रोजी सायंकाळी या दलाची पहिली गस्त निघाली.

या शिपायांना काय घालावयास द्यावे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. ब्रिटिश सैन्याचा रंग तांबडा. म्हणून पोलिसांसाठी गडद निळा निवडण्यात आला. मागे दोन शेपटे असलेला डगला व उंच टोपी हा त्या काळच्या सामान्य नागरिकाचाच पेहराव होता. शिपायाजवळ तलवार किंवा बंदूक नसे. लाकडी दंडुका डग्याच्या शेपटातील खिशात झाकलेला असे, आणि मदतीची हाक देण्यासाठी, फिरविले असता मोठ्याने करकरणारे एक लाकडी साधन असे. गळा आवळण्याचा प्रयत्न कोणी केल्यास बचाव व्हावा, म्हणून गळ्याभोवती चामड्याची रुंद ताठ पट्टी बांधलेली असे. ‘हा सैनिक नव्हे, तुमच्यातीलच एक माणूस आहे’ असे त्या पोशाखाने सांगावयाचे होते.

गळपट्टीवरील क्रमांक

या पोशाखातील सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र लहान होता. प्रत्येक शिपायाच्या डगल्याच्या गळपट्टीवर त्याच्या विभागाचे अक्षर व त्याचा क्रमांक असे. ज्याला अन्याय झाला असे वाटेल, त्याने तो क्रमांक ध्यानात ठेवून वरिष्ठांकडे तक्रार करावी. वरिष्ठही कडक होते. पहिला क्रमांक ज्याला मिळाला, तो शिपाई मद्यपानाबद्दल पहिल्याच दिवशी बडतर्फ झाला.

आरंभी कामावर नसतानाही शिपायाने गणवेशातच राहावे, असा नियम होता. कारण साध्या वेषातील पोलीस म्हणजे हेर, ही शंका लोकांना येऊ नये. मग तो कामावर आहे की नाही, हे कसे ओळखावे? यासाठी १८३० साली बाहीवर पट्ट्यापट्ट्यांची फीत आली. कामावर असताना ती बांधावयाची. ही फीत १९६८ पर्यंत टिकली.

विश्वासाची कसोटी

इतके करूनही विश्वास लगेच संपादन झाला नाही. मे १८३३ मध्ये लंडनमधील एका सभेच्या बंदोबस्तात कली नावाचा शिपाई भोसकून मारला गेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांनी तो वध समर्थनीय ठरविला आणि लोकांनी त्या पंचांचा गौरव केला! त्याच वर्षी पोपे नावाचा पोलीस साध्या वेषात एका राजकीय संघटनेत शिरला असल्याचे उघडकीस आले. पार्लमेंटच्या समितीने त्याच्या वर्तनाचा निषेध केला व त्याला सेवेतून काढण्यात आले. साध्या वेषातील गुप्त पोलिसांची शाखा निघावयास १८४२ साल उजाडले, आणि तीही अवघ्या आठ जणांची होती.

पुढे १८६० नंतरच्या दशकात उंच टोपीऐवजी शिरस्त्राण आले. १८८० नंतर करकरणाऱ्या साधनाची जागा शिट्टीने घेतली. १९१९ साली स्त्रियांची गस्त सुरू झाली. पण अटक करण्याचा अधिकार त्यांना १९२३ साली मिळाला.

आपल्याकडील स्थिती

मुंबईत १८५५ साली पोलीसप्रमुख झालेले चार्ल्स फोर्जेट हे वेषांतर करून शहरात हिंडण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांच्यानंतर लंडनप्रमाणेच ‘आयुक्त’ हे पद येथे आले व फ्रँक सूटर हे पहिले आयुक्त झाले. मुंबईच्या शिपायाचा निळा गणवेश व पिवळे शिरोभूषण पुष्कळ वर्षे शहराची खूण होऊन राहिले. शिपायांची अर्धी विजार जाऊन पूर्ण विजार आली, ती बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८० ते १९८२ च्या दरम्यान. आजचा गणवेश खाकी आहे. ‘खाक’ म्हणजे धूळ. त्या रंगाचे ते वस्त्र खाकी.

लंडनच्या गळपट्टीवरील क्रमांकाचे तत्त्व आपल्या कायद्यातही आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये असा निर्णय दिला की, अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही नावाची ओळख स्पष्ट दिसण्याची अट आहे.

वर्गातील उपयोग

शक्य असल्यास नजीकच्या ठाण्यातील पोलिसांना शाळेत निमंत्रण द्यावे. छातीवरील नावाची पट्टी व खांद्यावरील खुणा मुलांना जवळून वाचू द्याव्यात आणि नाव का लिहिले असेल, हे त्यांनाच शोधू द्यावे. गावात हट्टी मुलाला ‘थांब, पोलिसाला बोलावतो’ असे दटावण्याची रीत आहे. शिक्षकाने तरी ती वर्गात आणू नये. वाट चुकलेले किंवा कोणी छळलेले मूल ज्याच्याकडे धावावयाचे, त्यालाच पाहून ते लपू लागले, तर त्या गणवेशाचा उपयोग काय? त्यावरील नाव वाचण्याचे धैर्य मुलाला आले, म्हणजे नागरिकशास्त्राचा पहिला पाठ पुरा झाला असे समजावे.