शेताचे कुंपण : वई, गडगा आणि काटेरी तार

शेताला नांगर लागतो, तसे कुंपणही लागते. लावणी आटोपली आणि रात्री चार उनाड गुरे आत शिरली, तर सकाळी शेतात खुरांचे ठसे तेवढे उरतात. मग पुन्हा तरवा आणायचा कोठून? आणि तोवर पाऊस थांबणार आहे थोडाच!

आपल्या रत्नागिरीकडे कुंपणाच्या जुन्या रीती दोन. कातळ आहे तिथे गडगा, माती आहे तिथे वई. गडगा म्हणजे दगडावर दगड रचून केलेली बुटकी भिंत. तिला चुना नको, सिमेंट नको. आजोबांनी रचलेला गडगा नातवाच्या कामी येतो. चार दगड ढासळले तर उचलून जागेवर ठेवायचे, झाले काम. ज्यांच्या जमिनीत दगड आहे त्यांनी तारेच्या मागे लागू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. कातळात खांबासाठी खड्डा मारायचा म्हणजे पहार वाकते आणि गडी पळतो.

वईचे तसे नाही. वई दरसाल नवी. उन्हाळा सरता सरता मेढी पुरायच्या, करवंदीची, तोरणीची, बोरीची शिरपुटे आणायची, बांबूच्या कांबटीने आवळायची. काट्यांनी हात सोलवटतात. एवढे करून वर्षभरात तिला वाळवी लागते. उरलेली चुलीत जाते. पुढच्या वर्षी पुन्हा कोयता घेऊन रानात.

पूर्वी हे जमत होते, कारण घरात माणसे होती. आज घरातले हाताशी येणारे पोर मुंबईला. मागे म्हातारा, म्हातारी आणि एखादी सून. वई घालायला मजूर लावावा, तर त्याची मजुरी भाताच्या किमतीला भारी. मग वई राहते. वई राहिली की शेत राहते. अशी पडीक शेते आपल्या प्रत्येक वाडीत दिसतात. दरसाल नवे हात न मागणारे कुंपण आपल्याला हवे आहे. काटेरी तारेचा खरा उपयोग तो हा.

ही तार काही फार जुनी वस्तू नव्हे. अमेरिकेतल्या मोठ्या माळरानावर शेती सुरू झाली, तेव्हा तिथे कुंपणाला ना लाकूड, ना दगड. साधी तार लावली तर गुरे अंग घासून ती पाडत. इलिनॉय प्रांतातल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने यावर तोड काढली. त्याने तारेला काटे बसवले आणि काटा सरकू नये म्हणून दुसरी तार तिच्याभोवती पिळली. २४ नोव्हेंबर १८७४ रोजी त्याला या युक्तीचा हक्क सरकारातून लिहून मिळाला. काटे तयार करण्यासाठी त्याने म्हणे घरातले कॉफी दळायचे यंत्र वापरले. पुढे १९१४ च्या महायुद्धात हीच तार खंदकांपुढे लावून माणसे अडवली गेली. ते असो. आजही तार तीच आहे : दोन तारांचा पीळ आणि मध्ये काटा.

आता दुकानात काय बघायचे? तारेची जाडी गेज नावाच्या आकड्याने सांगतात. हा आकडा उलटा चालतो. १२ गेजची तार जाड, १४ गेजची बारीक. तार वजनावर मिळते. जाड तार किलोला सुमारे १० मीटर भरते. बारीक तार त्याच किलोत जास्त लांब जाते, म्हणून ती स्वस्त वाटते. पण टिकते कमी.

दुसरी गोष्ट जस्ताची. लोखंडाला गंज चढू नये म्हणून तारेवर जस्ताचा थर देतात. आधी जस्त झिजते, मग लोखंडाची पाळी येते. थर जाड असेल तर तार टिकते. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरांच्या वर पाऊस, त्यात खारा वारा. घाटावर जी तार पुष्कळ वर्षे जाते, ती समुद्रासमोर लवकर लाल होते. म्हणून किनाऱ्याच्या गावांनी पैसे वाचवायचे ते दुसरीकडे वाचवावेत. तारेवर नाही.

हिशेब करून पाहू. २० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घेतला, तर एक बाजू साधारण ४५ मीटर. चारी बाजू मिळून १८० मीटर. चार ओळी घातल्या तर तार लागेल ७२० मीटर, म्हणजे जाड तार सुमारे ७२ किलो. तीन-तीन मीटरवर खांब धरले तर खांब ६०. आता असे चार तुकडे एकमेकांना लागून आहेत असे समजा. चौघांनी वेगवेगळे कुंपण घातले तर एकूण ७२० मीटर कुंपण. चौघांनी मिळून बाहेरून एकच घातले तर ३६० मीटर. खर्च निम्मा! भाऊबंदांचे तुकडे बहुधा असेच लागून असतात. पण एकत्र बसून हा हिशेब करायला कोणी तयार नसतो. आम्ही वर्गात बेरीज-गुणाकार शिकवला तो कशासाठी?

तार टिकते ती खांबाच्या जिवावर. कोपऱ्याच्या खांबावर सगळा ताण येतो. तो दोन फूट तरी खोल पुरावा आणि त्याला आतून तिरपा टेकू द्यावा. लाकडी खांब असेल तर जमिनीत जाणारा भाग जरा जाळून डांबर लावावे. सिमेंटचा खांब महाग, पण वाळवीला दाद देत नाही. पांगारा किंवा गिरीपुष्पाच्या फांद्या पावसाच्या तोंडावर पुरल्या तर त्या जगतात आणि जिवंत खांब तयार होतो. मात्र अशा झाडाला खिळा ठोकताना मध्ये लाकडाची पट्टी ठेवावी. नाहीतर झाड वाढता वाढता तार गिळते.

सर्वांत खालची ओळ जमिनीपासून वीतभर उंच असावी. खालच्या ओळी जवळ जवळ, वरच्या जरा लांब. आणि तारेला लागून आतल्या बाजूने करवंद, सागरगोटा, घायपात लावून टाकावी. रोपे लहान आहेत तोवर तार त्यांना गुरांपासून राखते. चार-पाच वर्षांनी ती दाट होतात. तार म्हातारी होईतो वई तरणी होते.

तार घालण्याआधी मोजणी करून घ्या. अर्ज तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात करायचा. हद्दीचे दगड डोळ्यांनी पाहा, शेजाऱ्याला बोलवा, मग खांब पुरा. वई वर्षाने हलवता येते. तार चार हात पलीकडे गेली तर दोन पिढ्यांचे बोलणे तुटते. दुसऱ्याची वहिवाट असेल तिथे बेडे ठेवा. कोणी तुमची वाट तारेने अडवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. पण तो सहा महिन्यांच्या आत. तार तोडायला मात्र जाऊ नका. शेतात गुरे सापडली तर त्यांनाही मारू नका. चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावीत, असा १८७१ पासूनचा कायदा आहे.

तारेने गुरे अडतात. केलडी अडत नाहीत, वानर अडत नाहीत. रानडुक्कर खालून मुसंडी मारते. याला वैतागून काहीजण तारेत घरची वीज सोडतात. असे कधीही करू नका. हा गुन्हा आहे आणि त्यात जनावराआधी माणूस मरतो. पहाटे शेतात जाणारा घरचाच माणूस असतो. सौर कुंपण वेगळे. त्याचे यंत्र क्षणभराचा झटका देते आणि थांबते. ते जाणकाराकडूनच बसवावे.

नवी तार गुरांना दिसत नाही. पहिले काही दिवस तिला पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात. तार माणसाला लागली तर जखम साबणाने धुऊन दवाखान्यात जावे आणि धनुर्वाताची सुई घ्यावी.

पाऊस सरला की आश्विनात पकड घेऊन कुंपणाला एक फेरी मारावी. सैल तार आवळावी. वर चढलेले वेल काढावेत, त्यांच्यात ओल राहते आणि तार गंजते. जुन्या तारेचे तुकडे गवतात टाकू नयेत. ते चाऱ्यातून गाईच्या पोटात जातात, आतून टोचत काळजापर्यंत पोचतात, आणि गाय का खंगली ते कोणाला कळत नाही.