एकाच ताटातली सुशी

गहू चालत नाही, दूध-तूप नको. मग या मुलीला करून घालायचं तरी काय? आमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते थेट जपानच्या पदार्थात. पण त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली.

"मावशी, मी माझा डबा आणलाय हं. तू काही करत बसू नकोस."

माझी भाची दारात चप्पल काढता काढता पहिलं हेच म्हणते. पुण्याला कॉलेजात आहे, सुट्टी लागली की भोरला माझ्याकडे येते. लग्न असो, मुंज असो, हळदीकुंकू असो, तिच्या पिशवीत डबा असतोच. पंगत बसली की ही बाजूला खुर्चीवर, मांडीवर डबा घेऊन. "एक घास खाल्ल्यानं काय होतंय गं?" असं विचारणारी कुणीतरी भेटतेच. ती हसते आणि नाही म्हणते.

तेराव्या वर्षी तिचं वजन वाढायचं थांबलं. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना. आम्ही आधी जंतांचं औषध दिलं, मग टॉनिकं झाली, मग दृष्टसुद्धा काढून झाली. शेवटी रक्ततपासणी आणि दुर्बिणीची तपासणी झाली आणि नाव कळलं, सिलिअॅक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की अशा माणसाचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. जन्मभर ग्लुटेन टाळणं हाच उपाय. एक घासदेखील 'चालून' जात नाही.

हे आम्ही कसंबसं पचवलं, तोवर दोन वर्षांपूर्वी तिनं जाहीर केलं, "मी दूध, दही, तूपही सोडलं. मी व्हीगन आहे." म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच खायचं नाही. हा मात्र तिचा स्वतःचा निर्णय. माझी आई, म्हणजे तिची आजी, उन्हाळ्यात माझ्याकडेच असते. ती कडाडली, "आधी गहू गेला, आता तूपही गेलं? मग खायचं काय, वारा?" पुढे दोन दिवस आजी-नात एकमेकींशी मोजकंच बोलत होत्या.

हौस आणि चूक

गेल्या वर्षी मे महिन्यात बोलता बोलता ती म्हणाली, "मैत्रिणींबरोबर सुशी खायला गेले होते गं. त्यांनी खाल्ली, मी बघत बसले. सॉसमध्ये काय आहे ते तिथं कुणालाच सांगता येईना."

मी मनात म्हटलं, भात आणि भाज्या, यात अवघड ते काय? आपण घरी करून तिला चकित करू. शेजारचा मुलगा पुण्याला जात होता, त्याच्याकडून समुद्री शेवाळाचे कागद मागवले. त्यांना नोरी म्हणतात. सोबत सोया सॉसची बाटलीही आणवली. भात केला, काकडी-गाजर भरून गुंडाळ्या वळल्या. पोरीचे डोळे लकाकले. सहा-सात तुकडे तिनं सॉसमध्ये बुडवून खाल्ले.

रात्री उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस पोट धरून झोपून होती.

मी बाटली उचलून चष्मा लावून वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: सोयाबीन, गहू, मीठ. नेहमीचा जपानी सोया सॉस सोयाबीन आणि गहू साधारण सारख्या प्रमाणात घेऊन, आंबवूनच करतात. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांतही गहू असतो. मला याचा पत्ताच नव्हता.

"तुला शंका आली नाही का गं?" मी विचारलं.

"आली होती," ती हळूच म्हणाली. "पण तू इतक्या हौसेनं केलं होतंस. दर वेळी बाटली दाखवा म्हटलं की माणसांची तोंडं उतरतात, मावशी. मग मला वाटतं, मी सगळ्यांना त्रासच देते."

मैत्रिणींनो, मला चुकीपेक्षा हे जास्त लागलं. आजारी मुलीनं माझं मन राखण्यासाठी गप्प बसून खाल्लं होतं! त्याच दिवशी ठरवलं, सुशी पुन्हा करायची, पण या वेळी शिकून, आणि तिला विचारून.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे

आपल्याकडे सुशी म्हटलं की "ई, कच्चा मासा!" असंच येतं तोंडात. खरं तर सुशी म्हणजे आंबट केलेला भात. फार पूर्वी मासा टिकावा म्हणून तो मिठात आणि भातात दाबून महिनोन् महिने आंबवत. जपानमध्ये बिवा तळ्याकाठी फुनाझुशी नावाचा तसा प्रकार आजही करतात. पुढे आंबवण्याऐवजी भातात व्हिनेगर घालू लागले. हातानं वळलेल्या भाताच्या मुटक्यावर मासा ठेवून देण्याची पद्धत १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत रुजली. तिचं श्रेय हानाया योहेई नावाच्या माणसाला दिलं जातं.

आणि माशाशिवायची सुशी ही काही आपली पळवाट नाही बरं का. जपानी लोक काकडीची गुंडाळी करतात, तिला कप्पामाकी म्हणतात. मुरवलेल्या मुळ्याची करतात. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरतात, ती इनारी. एक मात्र ध्यानात ठेवा. तिथल्या बऱ्याच भाज्या वाळवलेल्या माशाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून बाहेरची 'भाजीची' सुशी व्हीगन असेलच असं नाही.

नोरीच्या कागदामागेही एका बाईची गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये नोरीचं पीक बुडू लागलं होतं. हे शेवाळ उन्हाळ्यात जातं कुठे, त्याचं बी कुठे असतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ते कोडं १९४९ साली कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश संशोधक बाईंनी सोडवलं. शेवाळाची एक अवस्था शिंपल्यांच्या आत वाढते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यावरून जपानमध्ये नोरीची शेती हमखास पिकू लागली. १९२८ साली लग्न झाल्यामुळे बाईंची मँचेस्टर विद्यापीठातली नोकरी गेली होती, कारण लग्न झालेल्या बाईला तिथं शिकवायला ठेवत नसत! तरी त्या संशोधन करतच राहिल्या. जपानला त्या कधीच गेल्या नाहीत. १९५७ साली वारल्या. १९६३ साली कुमामोतो भागातल्या उतो इथं त्यांचं स्मारक उभं राहिलं. तिथले लोक त्यांना 'समुद्राची आई' म्हणतात.

ही गोष्ट मी आजीला सांगितली. ती म्हणाली, "बघ, नोकरी काढून घेतली, पण डोकं काढून घेता आलं नाही."

गहू लपतो कुठे?

मग आम्ही तिघी एक दुपार स्वयंपाकघरात बसलो. भाची एकेक डबा, एकेक बाटली हातात घेऊन सांगत गेली आणि आम्ही ऐकत गेलो.

सोया सॉस तर झालाच. त्याऐवजी 'तामारी' नावाचा सॉस मिळतो. तो बहुतेक वेळा गव्हाशिवाय करतात, पण बाटलीवर 'ग्लुटेन फ्री' लिहिलेलं पाहूनच घ्यायचा. माल्ट व्हिनेगर जवाचं असतं, ते नको. तांदळाचं व्हिनेगर किंवा सरळ लिंबू बरं. मसाला लावलेल्या नोरीत सोया सॉस असतो, म्हणून नोरी साधीच घ्यायची. वासाबीच्या ट्यूबमध्ये काय काय असतं तेही वाचून घ्यायचं.

आणि आपल्या घरचा छुपा रुस्तुम म्हणजे हिंग! शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून विकतात. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. आमच्या फोडणीच्या डब्यातल्या हिंगावरही तेच लिहिलेलं होतं. म्हणजे वर्षानुवर्षं मी तिच्यासाठी 'साधं वरण' करत होते, त्यातही गहू होता. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आता आणते. गिरणीत गव्हावर दळलेलं तांदळाचं पीठही तिला चालत नाही. कणीक मळायची परात, लाकडी उलथनं, पोळपाट यांना पीठ चिकटून राहतं, म्हणून तिच्यासाठी एक स्टीलची परात आणि नवं उलथनं वेगळं काढून ठेवलं.

आपल्याकडच्या वेष्टनांवर ग्लुटेन असलेल्या धान्यांची नोंद करावी लागते. तेव्हा वाचायचा आळस करू नका.

आजीचं वाळवण

भाची म्हणाली, "जपानमध्ये दुधी भोपळ्याचीही सुशी करतात गं आजी. कान्प्यो म्हणतात. दुधीच्या जातीच्याच भोपळ्याच्या लांब पट्ट्या काढून उन्हात वाळवतात. तोचिगी नावाच्या भागात उन्हाळ्यात हेच काम चालतं."

आजी ताठ बसली. "म्हणजे वाळवणच की हे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आजी दुधी सोलायला बसली. लांबच लांब पातळ पट्ट्या काढल्या. मी गच्चीवर नेहमीचं धोतर अंथरायला घेतलं, तर तिनं माझा हात धरला.

"ते नको. त्यावर परवा गव्हाच्या कुरडया होत्या."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मला हे सुचलं नव्हतं. आजीनं ट्रंकेतली स्वतःची धुतलेली सुती साडी काढली आणि ती अंथरली. नात जिन्यात उभी होती. तिनं ऐकलं होतं. काही बोलली नाही, येऊन आजीला पट्ट्या पसरायला मदत करू लागली.

दोन उन्हांत पट्ट्या कडकडीत वाळल्या. भिजवून, उकडून, तामारी आणि साखरेत आटवल्या, तर काय चव! भातासाठी आमचा इंद्रायणी होताच. चिकट भात म्हणजे त्यात ग्लुटेन असतं असं समजू नका. तांदळाचा चिकटपणा त्याच्या स्टार्चमुळे असतो, कुठल्याच तांदळात ग्लुटेन नसतं. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर सुशीला झकास. बासमती मात्र नको, सुटा सुटा होतो.

वासाबीचं काय? आजीनं मोहरी फेसली. वासाबी मोहरीच्याच कुळातली, दोघींचा झणका सारखाच नाकात चढतो. आणि गुंडाळ्या? अळूवडीचे उंडे वळलेल्या हातांना कुणी शिकवायचं? माझ्या पहिल्या गुंडाळ्या सैल होत्या, आजीच्या घट्ट, एकसारख्या.

मधोमध एक मोठं ताट ठेवलं. आजी, मी, आमचे हे, मुलं, शेजारीण आणि भाची. सगळे एकाच ताटातून, एकाच वाटीत बुडवून खात होतो. आजी म्हणाली, "तूप नाही, तरी बरं लागतंय." तिच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नसते!

दिवाळीत भाची पुन्हा आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "मावशी, डबा आणलाय हं."

माझा चेहरा पडला असावा. ती हसली. "रिकामा आहे. जाताना भरून दे."

घरच्या घरी सुशी

साहित्य (४ गुंडाळ्या) : इंद्रायणी तांदूळ २ वाट्या, तांदळाचं व्हिनेगर ३ मोठे चमचे (नसेल तर लिंबाचा रस २ मोठे चमचे आणि पाणी १ चमचा), साखर २ मोठे चमचे, मीठ १ लहान चमचा, साध्या नोरीचे ४ कागद, काकडी आणि गाजराच्या लांब फोडी, टोफू किंवा वाळवलेल्या दुधीच्या पट्ट्या, भाजलेले तीळ, ग्लुटेन फ्री तामारी.

कृती : तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत तीन-चारदा धुवा. अर्धा तास भिजवून निथळा. सव्वा ते दीडपट पाणी घालून जाड बुडाच्या पातेल्यात झाकून शिजवा. उकळी आली की मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं, मग आच बंद करून दहा मिनिटं तसाच ठेवा. व्हिनेगरमध्ये साखर-मीठ विरघळवून घ्या. गरम भात परातीत पसरून त्यावर ते शिंपडा आणि उलथन्यानं हलकेच वरखाली करा. कालवू नका, दहीभात होईल! वारा घालून कोमट करा.

बांबूच्या छोट्या चटईवर, किंवा प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या स्वच्छ नॅपकिनवर नोरी ठेवा. हात ओला करून भाताचा पातळ थर द्या, पलीकडची बोटभर कड मोकळी ठेवा. कडेला भाज्या आणि तीळ ठेवून अळूवडीसारखं घट्ट गुंडाळा. मोकळ्या कडेला पाण्याचं बोट लावून चिकटवा. सुरी ओली करून सहा-आठ तुकडे करा.

टिपा : नोरी मिळाली नाही तर वाफवलेलं कोबीचं पान घ्या. जपानमध्येही मोहरीच्या मुरवलेल्या पानात गुंडाळलेली सुशी करतात. आल्याचे पातळ काप मीठ, साखर, लिंबात मुरवून सोबत द्या. फ्रिजमध्ये भात कडक होतो आणि बाहेर फार वेळ ठेवला तर बाधतो, म्हणून केली की लगेच खा. आणि घरात कुणाला गहू बाधतो अशी शंका असेल तर आपल्या मनानं गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. गहू आधीच सोडला तर तपासणीत आजार नीट दिसत नाही.